अंगणातली फरशी काढली तेव्हा

घर बांधून झाले, रंग झाला आणि शेवटी अंगणात फरशी बसली, तेव्हा आम्हाला वाटले की आता कुठे घर घरासारखे दिसू लागले. वडवणीत आमच्या मोहल्ल्यातल्या बहुतेक घरांनी हेच केले आहे. पूर्वी माळवदाची घरे होती. पुढे मातीचे अंगण, कडेला लिंबाचे झाड, एखादी शेळी, पाण्याचा रांजण. आता स्लॅब आले आणि अंगणे भिंतीपासून भिंतीपर्यंत फरशीखाली गेली. चिखल नको, झाडलोट सोपी, पाहुणे आले की बरे दिसते. आम्ही दोघेही शिक्षक. कर्जाचा एक हप्ता वाढला तरी चालेल, पण अंगण पक्के हवे, असे ठरवून आम्ही चकचकीत टाइल्स बसवल्या.

त्यासाठी मरहूम अब्बांनी लावलेले डाळिंबाचे झाड तोडावे लागले. मुळांनी फरशी उचलली जाईल, असे मिस्त्री म्हणाला होता. अम्मी दारात उभ्या राहून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत. आम्हाला वाटले, त्यांना पटले असावे.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आमच्या हळूहळू लक्षात आले की अम्मी खोलीबाहेर येत नाहीत. अंगण दुपारी तव्यासारखे तापायचे आणि इशाच्या नमाजनंतरही त्यातून धग निघायची. पावसाळ्यात तीच फरशी निसरडी व्हायची. एकदा वजू करून येताना अम्मी घसरल्या. अल्लाहच्या कृपेने हाड मोडले नाही, पण मनात भीती बसली. मग वजूचे पाणीसुद्धा पलंगाजवळच नेऊन द्यावे लागे. साखरेचा आजार आधीपासून होताच. चालणे बंद झाले तशी साखर वाढली, झोप गेली, आणि दिवसभर गप्प बसून राहणे वाढले. आम्ही शाळेतून येऊन विचारायचो, "अम्मी, क्या हुवा?" उत्तर एकच, "कुछ नै बेटा, जी नै लगता."

त्याच सुमारास नववीत असलेली आमची लेक शाळेत प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन पडली. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ८.९ निघाले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि आम्हाला विचारले, "घरात हिरवी भाजी आठवड्यातून किती वेळा होते?" आम्ही दोघे एकमेकांकडे पाहू लागलो. रोज मुलांना पोषणाचा धडा शिकवणाऱ्या आमच्या घरी पालेभाजी आठवडी बाजाराच्या दिवशी येत असे आणि तिसऱ्या दिवशी संपत असे. ही एकट्या आमच्या घरची गोष्ट नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये हे प्रमाण ६८.९ टक्के होते. म्हणजे दर दोन घरांमागे एका घरात ही अडचण असणारच.

अम्मींनीच एके दिवशी तोंड उघडले. लेकीच्या गोळ्यांचे पाकीट हातात घेऊन म्हणाल्या, "आंगन में शेवग्या का झाड रहता तो ये गोळ्यां कायकू लगते?" मग जरा थांबून, "मिट्टी दिखना आंगन में. फर्शी पे मेरा जी नै लगता."

शाळेत उर्दू आणि मराठी शिकवताना आम्ही मुलांना एक गंमत नेहमी सांगतो. 'परसबाग' हा शब्द दोन भाषांनी मिळून केला आहे. 'परस' म्हणजे घरामागची मोकळी जागा, हा मराठी शब्द. 'बाग' फारसीतून आलेला. 'गुलाब'मध्ये गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. अरबीत 'जन्नत' या शब्दाचा अर्थच मुळी बाग. मुले हसतात, वहीत लिहून घेतात. त्या संध्याकाळी मात्र वाटले की शब्द शिकवले, पण अर्थ आपल्याच अंगणात फरशीखाली गाडून टाकला.

छत्रपती संभाजीनगरला शाळेची सहल नेली की बीबी का मकबरा दाखवतोच. शहजादा आझम शाहने आपल्या आईच्या, दिलरस बानो बेगमच्या स्मरणार्थ तो उभारला, असे मानले जाते. भोवतीची बाग चारबाग पद्धतीची आहे. पाण्याच्या पाटांनी आणि वाटांनी चार भाग केलेले, मध्ये चालायला जागा, डोळ्यांना पाणी आणि हिरवळ. मुलांना हे सांगताना त्या वर्षी आमच्या मनात आले, त्याने आईच्या कबरीभोवती बाग केली. आमच्या अम्मी तर हयात आहेत, आणि त्यांना आम्ही तापलेली टाइल दिली.

आम्ही वाचायला लागलो. तुर्कस्तानात एदिर्ने येथे सुलतान बायझीद दुसरा याने १४८८ मध्ये पूर्ण केलेल्या रुग्णालयात मनाचे आजार असलेल्या रुग्णांवर औषधांबरोबर संगीत, वाहत्या पाण्याचा आवाज आणि फुलांचा सुगंध यांनी उपचार होत. अलीकडच्या काळात, १९८४ साली, रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकाने पित्ताशयाच्या शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते, समोर विटांची भिंत असलेल्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची जोरदार औषधेही कमी लागली. अम्मींनी यातले काही वाचलेले नव्हते. त्यांनी फक्त मिट्टी मागितली होती.

फरशी काढायचे ठरले, पण दोन प्रश्न उभे राहिले. पहिला पाण्याचा. आमच्याकडे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येते आणि उन्हाळ्यात टँकर. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, ते आम्ही विसरलेलो नाही. प्यायला पाणी नसताना झाडांना कुठून घालणार? दुसरा प्रश्न जागेचा. घर आम्ही बांधले, पण जमीन अब्बांची. त्यात अम्मींचा आठवा हिस्सा आहे, पुण्याला असलेल्या धाकट्या भावाचा आहे, आपाचा आहे. फरशी बसवताना आम्ही कोणालाच विचारले नव्हते. आता खोदताना तरी विचारायला हवे होते. तेही आम्ही केले नाही, आणि त्याची किंमत पुढे मोजली.

पाण्याचा हिशेब अम्मींनी सोडवला. त्यांनी वजूच्या नळाखाली बादली ठेवायला लावली. नळ सोडून वजू केले तर एका माणसाचे पाच लिटर पाणी जात होते. लोट्याने केले तर दीड-दोन लिटर. प्रेषित मुहम्मद (स.) एका मुद्दभर पाण्यात, म्हणजे लिटरभराहूनही कमी पाण्यात, वजू करीत, असे बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आले आहे. आम्ही हे लहानपणापासून ऐकत होतो आणि नळ सोडून वजू करीत होतो. त्या दिवशी लोटा परत आला. घरातल्या सगळ्यांच्या वजूचे मिळून दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी साठते. ते साबणाविना असते, त्यामुळे झाडांना खुशाल चालते. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी त्यात मिळवले. भांड्यांचे साबणाचे पाणी मात्र पालेभाजीला कधी घातले नाही. ते वाळू-खड्याच्या शोषखड्ड्यातून शेवग्याच्या मुळाशी जाते.

मग आम्ही कागदावर अंगण काढले. पंचवीस फूट बाय अठरा फूट. दोन दिवस लेकीने दर तासाला खडूने सावलीच्या रेघा मारल्या. सकाळचे ऊन कुठे, दुपारचे कुठे, हे पहिल्यांदाच कळले. कोणतीही रोपे आणण्याआधी हे काम करावे, असे आमचे सर्वांना सांगणे आहे. आम्ही राहतो त्या भागात मे महिन्यात चाळीस अंशांच्या वर तापते. पश्चिमेचे ऊन अडवले नाही तर कोणतीही बाग तगत नाही. म्हणून शेवगा पश्चिमेच्या कोपऱ्यात लावला आणि त्याच बाजूला दोडक्या-कारल्याचा मांडव घातला.

सगळी फरशी काढली नाही. दारापासून फाटकापर्यंत आणि तिथून वळून वजूच्या जागेपर्यंत चार फुटांची वाट ठेवली. गुळगुळीत टाइल्स काढून तिथे खरबरीत शहाबादी बसवली. एका बाजूला हाताला येईल असा लोखंडी पाइप लावला. वाट गोल फिरून परत पलंगाच्या खिडकीशी येते, म्हणजे अम्मींना कुठेही उलटे वळावे लागत नाही. मध्ये सावलीत सिमेंटचा बाक. बाकाला लागून विटांचा सव्वादोन फूट उंच आणि दोन फूट रुंद वाफा. बसल्या जागेवरून हात पोचतो, वाकावे लागत नाही. म्हाताऱ्या माणसांची बाग करायची असेल तर झाडांचा विचार नंतर करावा. आधी गुडघ्यांचा आणि कमरेचा करावा.

वाफ्यात मेथी, पालक, कोथिंबीर, लसूणपात. वजूचे पाणी जिथे पडते तिथे पुदिना आणि थोडा अळू. खिडकीखाली मोगरा आणि तुळस-सब्जा, कारण रात्री झोप न येणाऱ्या माणसापर्यंत वास पोचला पाहिजे. दाराशी मेहंदीचे कुंपण आणि कढीपत्ता. कण्हेर लावायचा मोह झाला होता, पाणी कमी लागते आणि फुले भरपूर. पण कण्हेर विषारी आहे आणि घरात भाच्यांची ये-जा असते, म्हणून टाळली.

चुका भरपूर झाल्या. पहिली मेथी शेळीने खाल्ली, कारण फाटक उघडे राहिले. कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचून डास झाले. डेंग्यूचा डास अंडे घालून नवा डास बाहेर पडायला आठ-दहा दिवस पुरतात. तेव्हापासून दर शुक्रवारी सकाळी सगळी भांडी, पिंप, ताटल्या रिकाम्या करून घासून वाळवायचे ठरले, आणि ते काम घरातल्या मुलाचे. तो कुरकुरतो, पण करतो. उन्हाळ्यात जास्त पाणी घालून टोमॅटो कुजवले. कोरडे गवत आणि पाचट टाकून माती झाकली तेव्हा कळले की निम्म्या पाण्यात भागते.

बाग अशी जेमतेम उभी राहिली, तोच बकरी ईदला धाकटे भाऊ पुण्याहून आले. अंगण पाहून त्यांचा चेहरा उतरला. रात्री ते म्हणाले, "भाईजान, इथं दोन खोल्या काढायच्या माझ्या मनात होतं. भाडं आलं असतं. मुलांच्या फीला उपयोग झाला असता. तुम्ही विचारलं तरी असतं."

त्यांचे चूक नव्हते. आमच्याकडे उत्तर नव्हते. बागेतून महिन्याला किती रुपयांची भाजी निघते याचा हिशेब आम्ही करून पाहिला. तो दोन खोल्यांच्या भाड्याच्या जवळपासही जात नव्हता. तेव्हा बाग फायद्याची आहे असे म्हणणे खोटे ठरले असते. बाग आमच्या सोयीची होती आणि जागा सगळ्यांची. आरोग्याच्या नावाखालीही दुसऱ्याच्या हिश्श्यावर हात ठेवता येत नाही. आपालाही बोलावले. तीन दिवस घरात चहा गार होत होता आणि कोणी मोकळे बोलत नव्हते.

चौथ्या दिवशी फजरनंतर धाकटे भाऊ अंगणात आले. अम्मी पाइपला धरून वाटेवर फेऱ्या मारत होत्या. एक फेरी, मग बाक, मग एक फेरी. त्यांनी आधी अम्मींना पलंगावरच पाहिले होते. ते काही न बोलता त्यांच्या मागून चालू लागले. त्या दिवशी सगळे बसले आणि कागदावर लिहिले की अम्मी हयात असेपर्यंत अंगणात बांधकाम होणार नाही. त्यानंतर शरिअतप्रमाणे हिस्से होतील, आणि ज्याच्या वाट्याला जी जागा येईल ती मोकळी करून देण्याची जबाबदारी आमची. तोपर्यंत ही जागा आमच्याकडे अमानत. फरशी आणि खोदकामाबद्दल आम्ही दोघांचीही माफी मागितली.

या कागदाने बागेचा आराखडा बदलला. उद्या जागा सोडायची तर झाडे उचलता आली पाहिजेत. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर उसाच्या चिपाडांत भाजी पिकवली, आणि कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी प्रयोग परिवारातून घरगुती कचरा व उन्हाच्या हिशेबावर छोट्या जागेतली शेती शिकवली, हे आम्हाला ठाऊक होते. उसाचे चिपाड आमच्याकडे काय कमी! उन्हाळ्यात रसवंतीवाल्याने ढीग फुकट दिला, वर आभारही मानले. चिपाडे पाण्यातून काढून, उन्हात वाळवून, तुकडे केले, नाहीतर गोडीला मुंग्या येतात. मग जुने प्लॅस्टिकचे ड्रम अर्धे कापून, तळाला भोके पाडून, चिपाड, सुका पाला, शेण, थोडी माती असे थर दिले. माती कमी असल्याने ड्रम हलका राहतो आणि ओल टिकते. लिंबू, वांगी, मिरची, भेंडी आता अशा बारा ड्रमांत आहेत. दोन माणसांनी उचलून टेम्पोत ठेवता येतील.

बियाणे मात्र विकत आणले नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे नाव आपण ऐकले असेल. गावरान बियाण्यांची बँक उभारून घरोघरच्या परसबागांना बी पुरवणाऱ्या या शेतकरी महिलेला २०२० सालचा पद्मश्री जाहीर झाला. तशी एक छोटी बँक आमच्या शेजारीच होती. शेजारच्या काकू दरवर्षी दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा लागताना परततात. वाल, दोडका, भोपळा, तांबडा माठ यांचे बी त्या राखेत घोळवून मडक्यात ठेवतात. मागे एकदा घर बंद असताना उंदरांनी ते फस्त केले. तेव्हापासून जाताना मडके त्या अम्मींकडे ठेवतात. "आक्का, माझं बी सांभाळा," एवढेच म्हणतात. अम्मी त्यातले मूठभर पेरतात आणि काकू परत येईपर्यंत त्याच्या तिप्पट बी वाळवून मडक्यात भरून ठेवतात. रमजानमध्ये आमचा पुदिना आणि लिंबू मोहल्ल्यात जातो, त्यांच्या लेकीच्या हळदीला आमची मेहंदी जाते.

आता निकाल. अम्मींची साखर बागेने बरी झाली नाही. गोळ्या सुरूच आहेत आणि सुरूच राहतील. पण त्या सकाळी आणि असरनंतर चालतात, रात्री झोपतात, आणि मुख्य म्हणजे आमच्यावर ओरडतात. शाळेतून आल्या आल्या कोणते झाड सुकले याचा जाब द्यावा लागतो. लेकीचे हिमोग्लोबिन चार महिन्यांत ११.४ वर आले. त्यात मोठा वाटा डॉक्टरांच्या लोहाच्या गोळ्यांचा, हे मान्य करायला हवे. त्याबरोबर शेवग्याच्या पाल्याची भाजी, तांबडा माठ, वर लिंबू पिळणे आणि जेवणाबरोबरचा चहा बंद करणे, ही घरची मदत. लिंबाने भाजीतले लोह अंगी लागते, जेवणाबरोबरच्या चहाने अडते. वीस रुपयांचेही काम नाही, पण आम्हाला ते पंचेचाळिशीत समजले.

गेल्या पावसाळ्यात अम्मींनी बाजारातून आणलेल्या सीताफळाच्या बिया जपून ठेवल्या. बालाघाटच्या डोंगरातले आपले बीडचे सीताफळ, त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. त्यांनी बी ड्रममध्ये लावायला नकार दिला. जिथे अब्बांचे डाळिंब होते, तिथेच जमिनीत लावायचे म्हणाल्या. आम्ही आठवण करून दिली की अम्मी, जमिनीतले झाड उचलता येणार नाही, आणि सीताफळाला फळ धरायला तीन-चार वर्षे लागतात. त्या म्हणाल्या, "मेरेकू मालूम है. जिसके हिस्से में आएगा, वो खाएगा. नै तो चिड्यां खाएंगे."

कयामत येऊन ठेपली आणि हातात रोप असेल, तर शक्य झाल्यास ते लावून टाकावे, अशा आशयाची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. लावलेल्या झाडाचे माणसाने, पक्ष्याने वा जनावराने खाल्ले तरी लावणाऱ्याच्या नावे सदका लिहिला जातो, हीही ऐकली आहे. आम्ही ती वर्गात सांगतो, अम्मींनी ती आमच्यासमोर खड्ड्यात पेरली.

रोप आता गुडघ्याएवढे झाले आहे. धाकटे भाऊ दर रविवारी फोन करतात आणि अम्मींच्या तब्येतीनंतर त्याची चौकशी करतात. आम्ही भोवती विटांचे आळे केले आहे, आणि ती जागा कोणाच्या वाट्याला जाईल हे अजून कोणालाच ठाऊक नाही.

आपल्या घरी अंगण नसेल, भाड्याचे घर असेल, तरी एक फुटका माठ असेलच. त्यात पुदिना लावा, घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाच्या खिडकीशी ठेवा आणि वजूचे पाणी त्याला घाला. आणि अंगणात फरशी बसवायचा विचार चालू असेल, तर मिस्त्रीला बोलावण्याआधी एकदा घरातल्या आईला विचारा, आणि जागेत ज्यांचा हिस्सा आहे त्यांनाही.